घडीच्या पडद्याची हद्द कोणाची?

कापडाच्या धंद्यात घडीला फार महत्त्व आहे. तागा एकाच घडीवर फार दिवस गोदामात पडून राहिला तर घडीच्या रेघेवर रंग उडतो, कधी कधी सूतही कमजोर होते. जरीची साडी घरातील जाणत्या स्त्रिया वर्षातून एकदोनदा उलगडून दुसऱ्या घडीवर ठेवतात. नाही तर जर नेमकी घडीवरच तुटते. आमचे सारे आयुष्य या धंद्यात गेले. त्यामुळे घडी घालता येणारा मोबाइल प्रथम हाती आला तेव्हा आम्ही आधी पडदा उघडून मधल्या जागेवरून बोट फिरवले. बोटाला रेघ लागली.

ही रेघ कमी कशी करावी आणि घडी टिकाऊ कशी करावी, यासाठी जगातील मोठ्या कंपन्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला आहे. त्याहून मोठा झगडा दुसराच आहे. ही घडी घालण्याची युक्ती कोणाची? एकाच बिजागरीवर चार जण हक्क सांगतात तेव्हा पेटंट कार्यालय फैसला कसा करते? आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना हा विषय परका वाटेल. पण तो समजून घेतला तर आपल्या दुकानात व कारखान्यातही उपयोगी पडणारा आहे.

चार महिन्यांत तीन फोन

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी चीनमधील रोयोल या कंपनीने फ्लेक्सपाय नावाचा घडीचा फोन जाहीर केला. २० फेब्रुवारी २०१९ रोजी कोरियाच्या सॅमसंगने गॅलेक्सी फोल्ड दाखवला. त्यानंतर चारच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, हुआवे कंपनीने बार्सिलोना येथे मेट एक्स दाखवला. सॅमसंगचा पडदा पुस्तकाच्या पानांप्रमाणे आत मिटत होता. रोयोल व हुआवे यांचा पडदा बाहेरच्या बाजूने वळत होता.

माल दाखवणे सोपे, टिकवणे कठीण. सॅमसंगने पत्रकारांना पाहण्यासाठी दिलेल्या फोनांपैकी काहींचे पडदे एप्रिल २०१९ मध्ये थोड्याच दिवसांत बिघडले. वरचे संरक्षक आवरण हे नव्या फोनवरील साधे प्लास्टिक आहे असे समजून काहींनी ते सोलून काढले. काही फोनांत बिजागरीच्या टोकाच्या फटीतून कचरा पडद्याखाली गेला. २६ एप्रिलची विक्री पुढे ढकलावी लागली. आवरणाच्या कडा चौकटीखाली नेल्या, बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवल्या, आणि मग सप्टेंबर २०१९ मध्ये फोन विक्रीला आला. भारतात त्याची किंमत १,६४,९९९ रुपये होती.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. घडीचा पडदा हा एक शोध नाही, ते अनेक शोधांचे गाठोडे आहे. कोणतीही जाड वस्तू वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. या दोहोंच्या मध्ये एक थर असा असतो, की ज्याला ना ताण ना दाब. पडद्याचे नाजूक थर त्या जागी यावेत अशी रचना करणे ही एक युक्ती. थरांना चिकटवणारा डिंक मऊ ठेवणे, म्हणजे थर एकमेकांवर किंचित सरकतील, ही दुसरी. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याऐवजी सुमारे ३० मायक्रॉन जाडीची काच वापरणे ही तिसरी; सॅमसंगच्या २०२० मधील झेड फ्लिपमध्ये अशी काच आली. मिटल्यावर पडद्याला आत पाण्याच्या थेंबासारखा गोल वळसा मिळेल अशी बिजागरी करणे ही चौथी. वळसा मोठा झाला की रेघ कमी दिसते आणि दोन्ही पाती सपाट मिटतात. अशा प्रत्येक युक्तीवर वेगवेगळे अर्ज होतात आणि एकाच जागेवर अनेकांची नजर असते.

पेटंट म्हणजे चतुःसीमा

पेटंट मिळाले म्हणजे ती वस्तू त्या कंपनीची झाली, असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नाही. पेटंटच्या कागदात दोन मुख्य भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे सविस्तर वर्णन व चित्रे असतात. शेवटी क्रमांक घालून काही वाक्ये असतात. त्यांना दावे म्हणतात. कायद्याने हक्क मिळतो तो दाव्यांपुरता.

जमिनीच्या खरेदीखताची आठवण करा. त्यात गावाचे, विहिरीचे, झाडांचे कितीही वर्णन असो, वाद झाला की वकील चतुःसीमा वाचतो. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. पेटंटचा दावा म्हणजे त्या शोधाची चतुःसीमा, फक्त ती शब्दांनी आखलेली असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक कंपनी दावा लिहिते : "वाकणारा पडदा, दोन पाती आणि त्यांना जोडणारी बिजागरी असलेले उपकरण." हे शब्द थोडे आहेत, म्हणून हद्द फार मोठी झाली. दुसरी कंपनी लिहिते : "वाकणारा पडदा, दोन पाती, बिजागरी, आणि पाती मिटताना पडद्याखालून मागे कलणाऱ्या दोन पट्ट्या, ज्यामुळे पडद्याला थेंबाच्या आकाराचा वळसा मिळतो." इथे शब्द वाढले आणि हद्द लहान झाली. दाव्यात जितक्या अटी जास्त, तितके क्षेत्र कमी. व्यापारी माणसाला हे उलटे वाटते, कारण आपण लांबलचक यादी पाहिली की माल जास्त समजतो.

परीक्षकाची मोजणी

अर्ज आला की परीक्षक मोजणीदारासारखा कामाला लागतो. तो दाव्याचे तुकडे पाडतो : पडदा, पाती, बिजागरी, पट्ट्या, वळसा. मग जगात पूर्वी प्रसिद्ध झालेले कागद शोधतो. त्यात पेटंटे येतात, मासिके येतात, पुस्तके येतात, प्रदर्शनातील मालही येतो.

पहिली कसोटी नवेपणाची. दाव्यातील सगळेच्या सगळे तुकडे एकाच जुन्या कागदात सापडले तर दावा नवा नाही. दुसरी कसोटी शोधाच्या पावलाची. सगळे तुकडे एका ठिकाणी नसले, तरी दोन-तीन जुन्या गोष्टी एकत्र करणे त्या धंद्यातील जाणकार कारागिराला सहज सुचले असते काय, हे पाहतात. सहज सुचण्यासारखे असेल तर पेटंट नाही. आपल्या पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्येही असे सांगितले आहे, की जुन्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपले जुनेच काम आपल्या परीने करीत राहिली, तर तो शोध मानला जात नाही.

वरच्या उदाहरणातील पहिला दावा इथेच अडचणीत येतो. बिजागरीचे दोन पात्यांचे फोन व लॅपटॉप आपण सर्वांनी वापरले आहेत. वाकणारा पडदाही २०१८ मध्ये जन्मला नाही. नेदरलँड्समधील पॉलिमर व्हिजन या कंपनीने २००७ च्या सुमारास रीडियस नावाचे खिशात मावणारे उपकरण दाखवले होते. त्याचा पडदा उपकरणाभोवती गुंडाळून ठेवता येत असे. सॅमसंगने जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील प्रदर्शनात युम नावाने वाकणारे पडदे दाखवले होते. रीडियस तर बाजारात कधी आलाच नाही. तरीही परीक्षकाच्या दृष्टीने त्याला किंमत आहे. एखादी गोष्ट विकली गेली की नाही यापेक्षा ती जगापुढे आली होती की नाही, हे इथे महत्त्वाचे ठरते.

म्हणून मोठमोठ्या दाव्यांना परीक्षक आक्षेप घेतो. अर्जदार दाव्यात एकेक अट वाढवत हद्द आत ओढून घेतो आणि शेवटी जो लहान तुकडा खरोखर नवा असेल तेवढाच त्याच्या पदरात पडतो. भारतात पहिला तपासणी अहवाल आल्यावर उत्तर देण्यासाठी सहा महिने मिळतात. फी भरून मुदत वाढवून घेता येते.

जुना कागद किती बलवान असतो याचे उदाहरण आपल्या घरातले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरून काढण्याच्या उपायावर पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि पुराव्यादाखल जुने लेख व ग्रंथ सादर केले. त्यांत संस्कृत व हिंदीबरोबर उर्दूतील मजकूरही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांच्या वह्या व हिकमतीची जुनी पुस्तके रद्दीत जाण्याच्या वाटेवर आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

अठरा महिन्यांचा अंधार

आता मुख्य अडचण. पेटंटचा अर्ज साधारणपणे पहिल्या तारखेपासून अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर तो बंद पाकिटात असतो. चार दिवसांच्या अंतराने माल दाखवणाऱ्या कंपन्यांचे कारागीर एकाच काळात त्याच प्रश्नांवर डोके चालवत होते हे उघड आहे. पहिल्याने जानेवारीत अर्ज केला आणि दुसऱ्याने जूनमध्ये तशाच पट्टीसाठी अर्ज केला, तर दुसऱ्याला पहिल्याचे काहीही माहीत नसते. दोघेही इमानदार, तरी हद्दी एकमेकांत शिरतात.

असे प्रसंग जुनेच आहेत. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनसाठी ग्रॅहम बेल यांचा अर्ज आणि एलिशा ग्रे यांची सूचना अमेरिकेच्या कार्यालयात एकाच दिवशी दाखल झाली आणि त्यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. त्या काळी अमेरिकेत शोध आधी कोणी लावला हे पाहत. १६ मार्च २०१३ पासून तिथेही अर्ज आधी कोणाचा हे पाहतात. भारतात तारखेलाच मान आहे.

पण तारीख कळली तरी प्रत्येक देशाची मोजणीची पद्धत वेगळी आहे. युरोपात आधी दाखल झालेल्या पण नंतर प्रसिद्ध झालेल्या अर्जातील सगळा मजकूर पाहतात. मात्र तो फक्त नवेपणाच्या कसोटीला लावतात, शोधाच्या पावलाला लावत नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या मालकाचा असा अर्ज दोन्ही कसोट्यांना चालतो. आपल्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे परीक्षक दाव्याला दावा भिडवून पाहतो : आधीच्या तारखेच्या अर्जात हीच गोष्ट दाव्यात मागितलेली आहे काय? त्यामुळे त्याच दोन अर्जांचा निकाल एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरा लागू शकतो. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही.

एकाच कंपनीच्या दोन दाव्यांचीही अशीच भानगड होते. थोडा शब्दबदल करून तोच शोध पुन्हा मागितला तर वीस वर्षांची मुदत मागच्या दाराने वाढेल. म्हणून अमेरिकेत दुसरे पेटंट पहिल्याबरोबरच संपेल आणि दोन्ही एकाच मालकाकडे राहतील असे लिहून घेतात. भारतात एका शोधाला एकच पेटंट असा नियम आहे.

दोन्ही पेटंटे खरी असू शकतात

इथे बहुतेकांची गल्लत होते. समजा पहिल्या कंपनीला थेंबाच्या आकाराच्या वळशाचे पेटंट मिळाले. दुसरीने त्याच वळशात नव्या प्रकारच्या पट्ट्या बसवल्या आणि परीक्षकाला ती सुधारणा खरोखर नवी वाटली. तर दुसरीलाही पेटंट मिळते. मग दुसरी कंपनी आपला माल बेधडक बनवू शकते काय? नाही. तिच्या मालात पहिलीचा वळसा आहे, म्हणून तिला पहिलीचा परवाना लागेल. पहिलीलाही दुसरीच्या पट्ट्या विनापरवाना वापरता येणार नाहीत.

याचे कारण असे, की पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. स्वतः माल बनवण्याची परवानगी त्यात नाही. शेत तुमचे, पण वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, तशी ही स्थिती आहे. शहाणे शेजारी वाट देतात आणि वाट घेतात. मोठ्या कंपन्या म्हणूनच आपापली पेटंटे एकमेकांना वापरू देण्याचे करार करतात. शेजारी अडूनच बसला तर आपल्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये अशा गुंतलेल्या पेटंटांसाठी परवाना मागण्याची सोय आहे. मात्र नवी सुधारणा उद्योगाच्या प्रगतीला मोठा हातभार लावणारी आहे हे दाखवावे लागते.

आपल्या दुकानाशी संबंध

मुंबईत मनीष मार्केट, मुसाफिरखाना येथे आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मोबाइलचे सुटे भाग विकणारे व दुरुस्ती करणारे आपले अनेक तरुण आहेत. घडीचे पडदे व बिजागऱ्या आता त्यांच्याही टेबलावर येतात. त्यांनी लक्षात ठेवावे, की कायद्याप्रमाणे पेटंटधारकाला केवळ बनवणाऱ्यालाच नव्हे, तर विकणाऱ्याला, विक्रीस मांडणाऱ्याला व आयात करणाऱ्यालाही अडवता येते. "आम्ही बनवला नाही, फक्त विकला" हे उत्तर पुरत नाही. माल कोणाकडून घेतला त्याचे पक्के बिल ठेवावे.

पण नोटीस आली म्हणून घाबरून पैसे देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. आधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पेटंट भारतातले आहे काय? अमेरिकेचे पेटंट भारतात चालत नाही. दुसरी, ते जिवंत आहे काय? मुदत वीस वर्षांची असते आणि मध्ये दरसालची फी भरली नाही तर ते बंद पडते. तिसरी, दाव्यातील प्रत्येक अट आपल्या मालात आहे काय? साधारणपणे एक जरी अट कमी असली तरी माल हद्दीच्या बाहेर राहतो. चौथी, त्या तारखेपूर्वी ही गोष्ट कुठे छापली वा दाखवली गेली होती काय? तसे असेल तर पेटंटच रद्द करून मागता येते. पाया नसताना कोणी धमक्या देत असेल तर कलम १०६ खाली कोर्टात जाऊन त्या थांबवता येतात व नुकसानभरपाई मागता येते. मात्र आपल्याकडे अमुक पेटंट आहे एवढेच कोणी कळवले, तर ती धमकी होत नाही.

पेटंट मिळण्यापूर्वीही दार उघडे असते. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. मिळाल्यानंतर एक वर्षापर्यंत संबंधित व्यक्ती हरकत घेऊ शकते.

चाचांची गोष्ट

आता कारागीर बंधूंसाठी. आमच्या परिचयाचे एक बुजुर्ग मिस्त्री होते. आम्ही सर्व त्यांना चाचा म्हणत असू. कापडाच्या घडी यंत्रावर तागा तिरका जाऊन कडा वरखाली होत. चाचांनी स्प्रिंगची एक लहान जोडणी तयार केली आणि घडी सरळ पडू लागली. त्यांनी ती सर्वांना आनंदाने दाखवली. वर्षभराने दुसऱ्या शहरातून तशीच जोडणी डब्यात बंद होऊन बाजारात विकायला आली. चाचा आमच्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुम्ही तर पाहिले आहे, काम माझे आहे. तुम्ही साक्ष द्या." आम्ही कबूल झालो. वकिलाने पहिलाच प्रश्न केला : कोणत्या तारखेला पाहिले? आम्हाला सांगता आले नाही. दुकानात मीटर-मीटरचा हिशेब लिहिणारे आम्ही, चाचांच्या कामाची एक तारीख आमच्या वहीत नव्हती.

चाचांना पेटंट मिळाले असते की नाही, ते परीक्षकाने ठरवले असते. पण त्यांचे काम परीक्षकाच्या टेबलापर्यंत पोहोचलेच नाही.

म्हणून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर रोज काही ना काही सुधारणा करणाऱ्या हातांना आमची विनंती आहे. नवी गोष्ट सुचली की वहीत चित्र काढा, तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. वहीने पेटंट मिळत नाही. पण चोरीचा किंवा भागीदारीचा वाद उभा राहिला तर ती उपयोगी पडते. अर्जापूर्वी प्रदर्शनात मांडू नका. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती सवलत आहे, बाकी ठिकाणी दाखवले की नवेपणा जातो. काम अर्धवट असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करा आणि बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्या. ऑनलाइन अर्जाची मूळ फी एकट्या माणसाला व लघुउद्योगाला १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. मोठ्या कंपनीला हीच फी ८,००० व २०,००० रुपये पडते. ही तपासणीची विनंती वेगळी द्यावी लागते, नाही तर अर्ज पडून राहतो. मुंबईत पेटंट कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. दावे मात्र जाणकाराकडून लिहून घ्या. तिथे दोन पैसे वाचवले तर हद्दच चुकते. आणि नुसत्या नक्षीसाठी पेटंट नसते. तिच्यासाठी डिझाइन कायदा २००० आहे. त्याची नोंदणी दहा वर्षांची असून पुढे पाच वर्षे वाढते.

कोरिया-चीनच्या कंपन्या घडीच्या एका रेघेसाठी शब्दाशब्दावर भांडतात, कारण बाजारात माल विकला जातो तो बिजागरीवर आणि हक्क टिकतो तो कागदावर, हे त्यांना कळले आहे. आपल्या कारागिराच्या हातातील हुन्नर त्यांच्यापेक्षा कमी नाही. कमी आहे ती वही आणि तारीख. ती आजपासून सुरू करता येईल.